साबणवालीचा चैत्र

काल दुपारी दारावर टकटक झाली. माझ्या दाराला घंटा आहे, ती चालते, खाली माझ्या नावाची पाटी आहे, तरी टकटकच झाली. जाळीच्या दाराआडून पाहिलं तर विशीची एक मुलगी. गळ्यात पट्टा, पट्ट्याला तिचा फोटो, खांद्यावर जड पिशवी. मी उठून दारापर्यंत पोचेस्तोवर ती दोन पावलं मागे सरून उभी होती आणि हसत होती. दात न दाखवता.

मी जागीच थबकले. साठाहून जास्त वर्षं झाली, घरोघर फिरून माल विकणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, पण दार वाजवायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि दात न दाखवता हसायचं, हे अजून तसंच चाललंय तर! मलाही हेच शिकवलं होतं. मला हसू आलं, आणि दात दाखवून आलं.

"आजी, फक्त दोन मिनिटं," ती म्हणाली.

आत गॅसवर कैऱ्या उकडत होत्या. चैत्र आला की मी अजून पन्हं करते, प्यायला घरात कुणी असो नसो. मी तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, पन्ह्याचा पेला हातात दिला. पेला रिकामा होईपर्यंत तिचं गाव, तिची आई, तिची परीक्षा, सगळं विचारून झालं. मग ती उठली, "थँक्यू आजी" म्हणाली आणि गेली. पिशवी उघडायची राहूनच गेली. लिफ्टचं दार लागल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या पिशवीत काय होतं हे मी विचारलंसुद्धा नाही. माझ्यावर गिरगावात एका चैत्रात जे गुदरलं होतं, तेच मी त्या बिचारीवर गुदरवलं होतं.

त्या वर्षी माझी मॅट्रिकची परीक्षा नुकतीच संपली होती. निकाल जूनमध्ये. अण्णा, माझे वडील, जाऊन दोन वर्षं झाली होती. आई घरी शिवणकाम करायची आणि कॉलेजचा विषय निघाला की सुईत दोरा ओवायला खिडकीशी जायची. तिकडे मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होणार हे एकदाचं ठरलं होतं. चाळीचाळींतून पताका करायची गडबड चालली होती. आमच्या मजल्यावरचे काका येता-जाता मला सांगायचे, "विजू, मुंबई आपल्याला मिळाली!" मी मान डोलवायची, पण मनात गोंधळ व्हायचा. मुंबई मिळाली म्हणजे नक्की काय मिळालं? मी त्याच गिरगावातल्या त्याच खोलीत राहत होते, त्याच नळावर त्याच रांगेत उभी होते. मग आधी आम्ही राहत होतो ती कुणाची होती? हे कुणाला विचारायची सोय नव्हती. सगळे इतके आनंदात होते, की मला कळत नाही हे कबूल करायचीच लाज वाटायची.

अशा त्या दिवसांत मी कामाला लागले. दादरला एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत रेगे म्हणून एजंट बसायचे. टाय लावलेले, उकाड्यानं घामाघूम झालेले. पगार नाही, ट्रामचं भाडं नाही. माल खपला तर त्यातले काही आणे आपले, नाही खपला तर झिजलेल्या चपला आपल्या. हे त्यांनी इतक्या उत्साहानं सांगितलं की मला वाटलं ही काहीतरी बढतीच आहे.

"मुली, आपण विकत नाही बरं का. आपण लोकांची सोय करतो," ते म्हणाले. मग त्यांनी ते दार वाजवायचे नियम शिकवले. स्वतः दाराबाहेर जाऊन, टकटक करून, दोन पावलं मागे सरून दाखवलं. जिना अरुंद होता, तिसरं पाऊल पडलं असतं तर थेट कापडाच्या दुकानात गेले असते.

मी साबण मागितला. साबणाला मुली भरल्या होत्या.

"कुंकवाला एक जागा आहे," रेगे म्हणाले. "नवीन निघालंय. पातळ कुंकू, बाटलीतलं. मेण नको, पिंजर नको, सांडणं नको. काचेची काडी बुडवायची, टिकली लावायची, वाळली की झालं. पण गिऱ्हाइकाच्या कपाळावर लावून दाखवायला लागतं. म्हणून कुमारिका हवी. नाहीतर एक गरजू बाई आली होती काल, पण विधवा. तिच्या हातचं कोण लावून घेणार?"

ते सहज बोलले. माझ्या घरी कोण आहे हे त्यांना काय ठाऊक! मी बाटल्यांची पिशवी घेतली आणि ट्रामचे पैसे वाचवायला चालत निघाले. दादर ते गिरगाव एवढा रस्ता मी एकच गोष्ट घोकत होते, की आईला काय सांगू.

अण्णा होते तोवर रोज शाळेला निघताना आई मला कुंकू लावायची. अनामिकेनं लावायची, मग हनुवटी धरून माझा चेहरा जरा लांब करून बघायची, नीट मध्यावर आलंय ना. अण्णा गेले आणि तेराव्यानंतर पहिल्यांदा शाळेला निघाले, तेव्हा मी सवयीनं तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "आता मोठी झालीस. आरशात बघून लाव तुझं तू." एवढंच. करंडा तिनं माझ्या ट्रंकेत ठेवून दिला. त्यानंतर आमच्या घरात कुंकवाचा विषय निघाला नाही. आमचं भांडण नव्हतं, रडारड नव्हती, नुसता तो विषय नव्हता.

आणि आता माझ्या पिशवीत त्या विषयाच्या चोवीस बाटल्या होत्या.

"काय विकायचंय?" आईनं विचारलं.

"साबण," मी म्हटलं.

खोटं बोलायचा सराव नसला की माणूस फार तपशील पुरवतं. मी सांगितलं की साबण अंगाचा आहे, वास मोगऱ्याचा आहे, फेस खूप येतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आपल्यालाही आण एखादी वडी." झालं! दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एक वडी घेतली, जिन्यात उभं राहून कागद सोलला, आणि वडी आईच्या हातात ठेवली. कंपनीकडून नमुना म्हणून मिळाली म्हटलं. आईनं त्या साबणानं आंघोळ केली. बाहेर येऊन केस पुसता पुसता म्हणाली, "बरा आहे. अगदी आपल्या नेहमीच्यासारखाच आहे." मी घाईघाईनं पिशवी उचलून बाहेर पडले. माझी एकच काळजी होती. आईला हे कळता कामा नये. तिच्या नकळत मी गावभर सवाष्णींच्या कपाळाला कुंकू लावत फिरते आहे, ते लावायला तिच्यासारखी चालत नाही म्हणून मला ठेवलंय, हे तिला कळलं तर तिच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं.

धंद्यात पहिल्याच दिवशी रेग्यांचे नियम निकामी झाले. टकटक करायला दार लागतं, आणि गिरगावातल्या चाळींची दारं दिवसा बंदच नसायची. उघड्या दारावर टकटक करणारी मुलगी बघून आतली बाई घाबरायची, तार आली की काय म्हणून. दोन पावलं मागे सरावं तर मागे गॅलरीचा कठडा, नाहीतर कुणाचे वाळत घातलेले पापड. उलट माटुंग्याला, मद्रासी वस्तीत, दारं छान बंद होती. तिथं मी शिस्तीत टकटक केली, मागे सरले, हसले. दार उघडणाऱ्या बाईंना माझं एक अक्षर कळलं नाही, मला त्यांचं कळलं नाही. त्यांनी प्रेमानं ताक दिलं. ते पिऊन मी परत आले.

रेग्यांनी शिकवलेली आणखी एक गोष्ट होती. लावून दाखवण्याआधी म्हणे गिऱ्हाइकाचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. पुरुषच असं शिकवू शकतो. पहिल्या बाईंपुढे मी फडकं काढून "जरा कपाळ पुसते हं" म्हटलं मात्र, त्या दोन हात मागे सरल्या. "पुसतेस काय मेले? माझे यजमान आत जेवताहेत!" पुसणं हा शब्दच त्या जागी कुणी उच्चारत नसे. मग मीच एक युक्ती काढली. "काकू, उन्हाची वेळ आहे, तोंडावर पाणी मारून या ना, मग लावू," असं म्हणायचं. बायका हसत नळावर जायच्या, तोंड धुऊन यायच्या, आणि ओल्या, कोऱ्या कपाळानं माझ्यापुढे बसायच्या. आपण होऊन धुतलं तर ते पुसलं होत नाही, हा हिशेब कुणी बसवला होता देव जाणे. पण तो सगळ्यांना मान्य होता, आणि मीही त्याच्यावर चालत होते.

चैत्र म्हणजे घरोघर हळदीकुंकू. रेगे म्हणाले होते, एकेका खोलीत वीस-वीस बायका सापडतील, लूट आहे नुसती. गिरगावात एका मोठ्या घरी चैत्रगौर मांडलेली होती. मखर, फळं, करंज्या, मोगऱ्याचे गजरे. मी दारात उभी राहते न राहते तोच यजमानीणबाईंनी हाताला धरून आत घेतलं. हळद लावली, कुंकू लावलं, हातावर अत्तर फासलं, ओंजळीत भिजवलेले हरभरे घातले, पुढ्यात आंबेडाळ आणि पन्हं ठेवलं. मग विचारलं, "कुणाची गं तू?"

त्या महिन्यात हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला गेला आणि प्रत्येक घरात मी गोंधळले. कंपनीची, असं म्हणायचं होतं. तोंडून अण्णांचं नाव यायचं. मग कुणीतरी म्हणायचं, "अरेरे, ते गेले ना! आई कशी आहे?" त्यात माझ्या बाटल्या बाहेर निघणार कशा? ज्यांची आंबेडाळ खाल्ली त्यांना माल विकायचा म्हणजे जेवून उठता उठता ताटाची किंमत करण्यासारखं. मी विकायला आलेली की पाहुणी आलेली, हे मलाच कळेनासं झालं. ओच्यात हरभरे बांधून मी घरी यायची. साबणाच्या फेरीवरून हरभरे कसे येतात हे आईनं कधी विचारलं नाही. ती ते निवडायची, उसळ करायची.

आमच्याच मजल्यावर समोरच्या खोलीत हळदीकुंकू असलं की आईला बोलावणं नसे, पण आईसाठी वाटीभर आंबेडाळ झाकून येई. आई वाटी घासून, तिच्यात चार साखरफुटाणे घालून परत पाठवी. कुणाचंही काही चुकत नव्हतं. सगळे इतके नीट वागत होते की रागावायचं कुणावर हेच समजत नसे. मला मात्र राग यायचा आणि तो हरभऱ्यांबरोबर ओच्यात बांधून ठेवावा लागायचा.

हे लिहिताना उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. मी टिकली लावते. कुणी काही म्हणत नाही, सोसायटीतल्या हळदीकुंकवाला मला पहिल्या रांगेत बसवतात. इतकं सोपं झालं आहे सगळं की कधी कधी त्या सोपेपणाचाच संताप येतो. एवढंसंच होतं, तर तेव्हा का नाही?

गिरगावात डाळ खाऊन पोट भरत होतं, बाटल्या मात्र तशाच. रेगे म्हणाले, "लालबागला जा. गिरणीतल्या बायका आहेत, हातात पैसा आहे. रविवारी घरी असतात." म्हणून एका रविवारी दुपारी मी लालबागला एका चाळीत गेले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. खाली चौकात मुलं पताका चिकटवत होती. पारूकाकी नावाच्या एका जाडजूड, हसऱ्या बाईंनी मला हाक मारली.

"ये गो बाय. काय घेऊन इलंस?"

मी बाटली काढली. पारूकाकींनी ती उन्हात धरली, हुंगली, आणि मजल्याला हाक घातली. "ये गो सगळ्यांनी! नवा कुंकू इलाहा, फुकट लावतहा!" दहा-बारा बायका जमल्या. मी माझी युक्ती सांगितली, तोंड धुऊन या. एकच हशा पिकला. सगळ्या नळाकडे पळाल्या आणि ओल्या तोंडांनी परत येऊन गॅलरीत ओळीनं बसल्या. कुणी पदरानं तोंड टिपतंय, कुणी शेजारणीला चिमटा काढतंय. इतकी मजा मला त्या महिन्यात कुठेच आली नव्हती. कुणी "कुणाची गं तू" विचारलं नाही. मी काडी बुडवत, टिकली लावत, पुढे सरकत होते. पहिली, दुसरी, तिसरी. हात बसला होता. ओळीच्या टोकाला एक बाई बसली होती, तिशीची, सावळी. तीही नळावरून आली होती, चेहरा ओला होता, कपाळ कोरं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी लावलं.

हसणं एकदम थांबलं.

"अगो बाय माझ्या," पारूकाकी म्हणाल्या. "काय केलंस ह्या?"

मला कळेना. कुणीतरी माझा दंड धरून कानात सांगितलं, "शेवंतीवयनी ती. तिचो घोव चळवळीत गोळीबारात गेलो. हुतात्मो. राज्य झाला की तिचो सत्कार आसा चाळीत." मी बघितलं. बरोबर होतं. हातात बांगड्या नव्हत्या. ती ओळीत बसली नव्हतीच. ती कामावरचं लुगडं धुऊन येता येता मजा बघायला टोकाला टेकली होती. मी बांगड्या बघितल्या नाहीत, गळा बघितला नाही, नुसतं एक कोरं कपाळ बघितलं आणि हात पुढे केला.

शेवंतीवयनीचा हात वर आला. कपाळापर्यंत आला. तो पुसायला आला होता की चाचपायला, हे कळायच्या आत मी पिशवी उचलली आणि जिन्यावरून पळत सुटले. तीन बाटल्या तिथंच राहिल्या. ट्राम कुठली पकडली, कुठे उतरले, आठवत नाही. एवढंच आठवतं की उजव्या हाताची बोटं मी पिशवीत लपवली होती.

घरी आले आणि आईपुढे सगळं ओकले. रेगे, बाटल्या, कुमारिका, साबण, लालबाग, शेवंतीवयनी. ज्या तोंडाकडे मला बघवणार नाही असं वाटत होतं, त्याच तोंडाकडे बघत रडत सांगितलं. आई कुणाच्या तरी पोलक्याला काजं करत होती. ती रागावेल, रडेल, निदान हातातलं काम तरी ठेवील असं वाटलं होतं. सुई एकदा आत गेली, बाहेर आली.

"मग?" आई म्हणाली. "पुसलं का तिनं?"

मी रडायची थांबले. तो शब्द, आणि तिच्या तोंडून! आणि तिला कशाचंच नवल वाटलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"साबण विकून बोटं लाल होतात होय गं? आणि आपल्या वाण्याची वडी मला कळत नाही?" तिनं दोरा तोडला. "पुसलं का ते सांग."

"माहीत नाही. मी पळाले."

"बघायचं होतंस," आई म्हणाली, आणि पुढचं काज घेतलं.

मला वाटलं होतं, आईला कळलं की जग बुडेल. जग बुडालं नाही. उलट आईच कसल्यातरी विचारात बुडाली. मीठ दोनदा घालायची, भाजी करपवायची, शिवता शिवता थांबून गॅलरीकडे बघायची. मी रेग्यांना बाटल्या परत करायचं ठरवलं. काय चूक, काय बरोबर, मला काही सुधरत नव्हतं. मी त्या बाईचा अपमान केला होता का? लोकांनी तिच्या नवऱ्याला हार घातला, त्याचं नाव घेऊन घोषणा दिल्या, त्या माणसाच्या आठवणीवर मी तांबडा ठिपका ठेवून पळाले होते. मग अपमान झाला असेल तर आईचा चेहरा असा का झाला होता? जणू कुणी तिला अर्धवट गोष्ट सांगून मध्येच उठून गेलं होतं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तीन बाटल्या राहिल्या ना तिकडे? कंपनीचा माल आहे. आणायला नको?"

बाटल्यांचं निमित्त होतं हे तिलाही माहीत होतं, मलाही.

गिरणीची पाळी सुटायच्या वेळेला मी लालबागला गेले. मान खाली घालून जिना चढले. पारूकाकींनी बोटानं शेवंतीवयनीची खोली दाखवली. ती नुकतीच गिरणीतून आली होती. केसांत कापसाचे तंतू होते. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता, आणि फोटोखालच्या फळीवर माझ्या तीन बाटल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. मी आधी तिचं कपाळ बघितलं. कोरं होतं.

मला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक? बस हय," ती म्हणाली. "चाय घेतंस?"

"वहिनी, माझी चूक झाली. तुम्ही... पुसलंत ना लगेच?"

ती स्टोव्हला पंप मारत होती. पंप मारायची थांबली नाही.

"पुसलंय. पण लगेच नाय पुसलंय. तू पळालंस, बायो बोलाक लागले, मी आत इलंय नि दार लावलंय. आरशात बघलंय." तिनं फोटोकडे हनुवटी केली. "तेकाय दाखवलंय. सकाळी भोंगो झालो तेवा पुसलंय."

"का पुसलंत?" माझ्या तोंडून गेलं. आधी पुसलं नसेल तर, म्हणून घाबरले होते. आता पुसलं तर का, म्हणून विचारत होते. माझं मलाच कळत नव्हतं मला काय हवं आहे.

"सभेत फुडे बसयतत माका," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. पाणी आठ वाजता येतं, असं सांगावं तसं ती सांगत होती. "तेंका कपाळ मोकळाच व्हया."

आम्ही चहा प्यायलो. खाली चौकात कुणीतरी कर्ण्याची चाचणी घेत होतं. मी बाटल्या पिशवीत घालायला लागले, तशी ती म्हणाली, "एक ठेव. कोणासाठी ता इचारू नको." मी पैसे घेईना, ती ऐकेना. शेवटी घेतले. आजवर मी हजार वेळा विचार केला असेल, ती बाटली कोणासाठी होती. नणंदेसाठी, पुतणीसाठी, की दार लावून आरशात बघण्यासाठी? तिनं विचारू नको म्हटलं होतं. मी फक्त विचार केला.

परत येताना ट्राममध्ये मला कळत होतं की घरी आई वाट बघत असणार, आणि ती मला एकच प्रश्न विचारणार. खरं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते सरळ नव्हतं. पुसलं. पण लगेच नाही. रात्रभर ठेवलं. पण सकाळी पुसलं. यातलं कुठलं उत्तर आईचं? मी एवढीशी मुलगी, मॅट्रिकचा निकाल लागायचा, आणि कुणीतरी माझ्या हातात असा पेपर दिला होता की त्याला एकाच शब्दात उत्तर लिहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्षय्यतृतीया होती. चैत्रातल्या हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. सकाळपासून समोरच्या खोलीत बायकांची ये-जा चालली होती, वाट्यांचे आवाज येत होते. आदल्या संध्याकाळी आईनं काही विचारलं नव्हतं. बाटल्या मिळाल्या का, एवढंच म्हणाली होती. दोन मिळाल्या, एक तिनं विकत घेतली, एवढंच मी सांगितलं होतं.

मी समोर जायला निघाले, केस विंचरून आरसा हातात घेतला. आई मागे येऊन उभी राहिली.

"विजू. पुसलं होतं का गं तिनं?"

मी आरशात बघत होते. आरशात माझ्या खांद्यामागे आई दिसत होती, तिचं कपाळ दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं.

आईला वाण्याची वडी ओळखता येत होती. साबणाचं खोटं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे खोटं तिला कळलं का? हे मला आजतागायत माहीत नाही. मी पुढची पंचवीस वर्षं तिच्याजवळ होते, शेवटच्या आजारात तिच्या उशाशी होते, पण विचारायचा धीर झाला नाही. खोटं म्हणावं तर ते पुरतं खोटंही नव्हतं. मी अर्धं सांगितलं होतं. उरलेलं अर्धं मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तिनं माझ्या हातातला आरसा काढून घेतला. पिशवीतली एक बाटली काढली, बूच उघडलं, काचेची काडी बघितली, बाजूला ठेवली. अनामिका बुडवली. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिनं मला आपल्या हातानं कुंकू लावलं. पातळ कुंकवाची तिला सवय नव्हती. ते जरा ओघळलं, थोडं डावीकडे गेलं. मग तिनं माझी हनुवटी धरली, चेहरा लांब करून बघितला, आणि म्हणाली, "तिरकं आलं. असू दे."

"असू दे," मी म्हटलं.

दाराबाहेर समोरच्या काकू आंबेडाळीची झाकलेली वाटी घेऊन उभ्या होत्या. उघडंच होतं दार. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत. आईनं वळून त्यांच्याकडे बघितलं. तिचं बोट लाल होतं, ओलं होतं, आणि ते तिनं तसंच पुढे करून वाटी घेतली. नंतर ते बोट तिनं पदराला पुसलं का, धुतलं का, की तसंच वाळू दिलं, ते मी पाहिलं नाही. बघायचं होतं.